अस्वल बुडालं, पण एकाच टायरात

कॅनडातल्या आमच्या शिकुटिमीत पहिला बर्फ पडला, की माझ्या गाडीचे हिवाळी टायर माझे सासरे आर्सेन तपासायचे. वाकायचे, खाचांतून अंगठा फिरवायचे आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचे. (तो सुस्कारा टायरांसाठी असतो, अशी माझी समजूत होती.) यंदा बर्फ पडला त्याच आठवड्यात आर्सेन गेले. घर सुनं झालं आणि टायर माझ्या गळ्यात पडले.

"बदलून घे," बायको नोएला म्हणाली. "बाबा असते तर..."

"मला काय कळत नाही?" मी म्हणालो आणि तिथेच फसलो.

टायर झिजलाय का ते बघायची युक्ती इथे सगळ्यांना ठाऊक असते. दोन डॉलरचं नाणं खाचेत उभं घालायचं. त्यावरच्या अस्वलाचे पंजे बुडले, तर टायर उत्तम. मी पुढचा उजवा टायर तपासला. पंजे गडप! बाकीचे तीन बर्फात रुतलेले होते आणि माझी पाठ दुखत होती. चौघे भाऊ सारखेच असणार, असं ठरवून मी कॉफी प्यायला आत गेलो.

अंत्यविधीच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मला शववाहिकेच्या आधी चर्चला पोहोचव. जन्मभर तो घरी आला की मी दारात असायची. आजही असणार."

"आई, काळजीच सोडा."

चर्चच्या चढावर गाडीनं अर्ध्यात मान टाकली. चाकं नुसतीच गरगरली, आणि आम्ही तिघं काळ्या कपड्यांत, अगदी सभ्यपणे, उलटे घसरू लागलो.

"ब्रेक!" नोएला किंचाळली.

"दाबलाय!"

खालून शववाहिका येत होती. तिच्या नाकाला टेकून आम्ही थांबलो.

नोएला उतरून चाकांपाशी वाकली. "तिन्ही गुळगुळीत! हा एकच धड आहे. गेल्या वर्षी पंक्चर झालं तेव्हा बाबांनीच नवा घातलेला!"

मला एकदम रडू कोसळलं. माझ्या टायरांकडे बघून सुस्कारा टाकणारं आता कुणी उरलं नव्हतं.

शवपेटी उचलायला आलेले सहा धिप्पाड पुतणे मागच्या गाडीतून धावत आले. सासूबाईंनी काच खाली केली.

"पोरांनो, आधी हे मढं वर ढकला. माझा माणूस थांबेल. दर हिवाळ्यात याच्यापायी थांबलाच आहे."

त्यांनी ढकलत ढकलत आम्हाला चर्चच्या दाराशी आणलं. सासूबाई उतरून वेळेत दारात उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून स्टीअरिंग धरून बसलो होतो. पेटीवर पवित्र पाणी शिंपडायला म्हातारे पाद्री पायरीवर थांबले होते. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. सहा पुतणे काहीतरी जड आणताहेत एवढंच त्यांना दिसलं, आणि उघड्या काचेतून त्यांनी प्रार्थना म्हणत माझ्यावर पाणी शिंपडलं.

कुणी त्यांना थांबवलं नाही. नोएलानंही नाही.