माती होणारी पिशवी

बातमी आली तो दिवस साधाच होता. हिशेबनीस चहात बुडवलेलं बिस्किट तुटायच्या आत तोंडात घालण्याच्या खटपटीत होते आणि बायको कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून त्यांच्यावर कुरकुरत होती. पेपरात आलं होतं की, बाजारात आता अशी पिशवी निघाली आहे, जी वापरून झाली की आपोआप माती होते. हिशेबनिसांचं बिस्किट कपात बुडालं. (कुतूहल जागं झालं की त्यांच्या हातून काहीतरी बुडतंच.)

संध्याकाळी ते पिशव्यांचा गठ्ठाच घेऊन आले. बायको बाहेर गेली होती, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. माती कशी होते ते पाहायला एक पिशवी त्यांनी गुलाबाच्या कुंडीत पुरली आणि मग घरातलं जुनं प्लॅस्टिक हद्दपार करायला घेतलं. कपाटाच्या वरच्या खणात, जाड पिशवीत, सासूबाईंची शाल होती. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. पिशवीची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली आणि शाल नव्या पिशवीत घातली.

पुढे दर रविवारी ते कुंडी उकरून पाहत. पिशवी होती तशीच. गुलाबाने मात्र मान टाकली.

उन्हाळा सरता सरता धाकट्या मेहुणीचा फोन आला. आईची शाल थोडे दिवस माझ्याकडे असू दे, उद्या न्यायला येते, म्हणाली. बायकोने कपाट उघडून पिशवीला हात लावला, तर वाळक्या पानासारखा तिचा चुरा झाला. शालीच्या विणीत, घड्यांत, सगळीकडे पांढरे कपटे.

"अहो, हिची जुनी पिशवी कुठे आहे?"

"टाकली. भयंकर असतं ते प्लॅस्टिक. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही, शंभर वर्षं हलत नाही."

"म्हणूनच बांधली होती," बायको म्हणाली. "आईचा वास होता आत."

हिशेबनीस खाली बसून फरशीवरचे कपटे गोळा करू लागले. (लग्नानंतर ही वेळ पहिलीच.)

दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून दोघी बहिणी कपटे वेचायला बसल्या. हिशेबनिसांनाही चिमटा देऊन बसवलं. पण मातीत टिकलेली पिशवी कपाटात का मोडावी, हे कोडं त्यांना गप्प बसू देईना. भिंगातून एक कपटा निरखून त्यांनी निष्कर्ष काढला: कपाट उन्हाच्या भिंतीला, तिथे ऊब आणि हवा मिळाली, ओल्या, गार मातीत दोन्ही नाही. आणि कपटा ही काही माती नव्हे, ते प्लॅस्टिकच, फक्त बारीक.

"म्हणजे भावोजी, तुम्ही एका पिशवीच्या हजार केल्यात," मेहुणी म्हणाली.

खरी कुजणारी पिशवी मक्याच्या पिठापासून करतात, पण तिलाही कचऱ्याचा मोठा, तापलेला ढीग लागतो, असं ते सांगू लागले. बायकोने चिमटा पुन्हा त्यांच्या हातात दिला. ते वेचू लागले.

शाल साफ झाल्यावर मेहुणीने तिच्यात नाक खुपसलं. 

"आईचा नाही गं. पण ओळखीचा आहे."

बायकोने हुंगलं. "यांच्या डोक्याचं तेल."

आतून कुबट वास येतोय का ते पाहायला आपण पिशवी बदलताना डोकं शालीच्या घड्यांत घातलं होतं, हे हिशेबनिसांना कबूल करावं लागलं. मेहुणी हसून हसून लोळली. भावोजींचा वास घरी नेऊन मी काय करू, म्हणाली, आणि रिकाम्या हाताने गेली.

बायको एक कोपरा नाकाशी धरून बसून राहिली. तिथे कसला वास होता, ते तिने सांगितलं नाही.

शाल अजून धुतलेली नाही.