जाईबाईची चौकशी

माणूस सत्तरीनंतर शिकायला लागला की घरच्यांनी सावध व्हावं. डोंबिवलीच्या धोंडिबा सकपाळनं रंगाच्या कारखान्यात चाळीस वर्षं ड्रम ढकलले, पण चौथीनंतर शिकायची चूक कधी केली नाही. ती केली एका शनिवारी, ठाण्याला नौपाड्यात. म्हाताऱ्यांसाठी फुकट वर्ग होता, 'जोखीम कशी ओळखावी'. (वर्गानंतर बटाटेवडा होता. धोंडिबा वड्यासाठी गेलेला, असं लोक म्हणतात. लोकांना दुसऱ्याचा वडा तेवढा दिसतो.)

वर्गातल्या मॅडम म्हणाल्या, कुणाच्या हाती काही सोपवण्याआधी पुरती चौकशी करा. कागद बघा. ज्यांचा आधी संबंध आलाय त्यांना विचारा. गोड बोलण्यावर जाऊ नका. हे शेवटचं धोंडिबाला जन्मापासून येत होतं. बाकीचं शिकून तो घरी आला तो साहेब होऊन.

घरात तेव्हा एकच विषय, बायकोचा, रखमाबाईचा गुडघा. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आणि मग दीड महिना ओट्याशी उभं राहायचं नाही. ही तारीख मिळायला चार महिने लागलेले.

"स्वयंपाकाला बाई ठरली तरच मी भरती होणार," रखमाबाईनं बजावलं. "नाहीतर तारीख रद्द. राहू दे गुडघा वाकडा."

ती उगाच बोलत नव्हती. स्वयंपाकाच्या आधीच्या तीन बायका धोंडिबानं पळवून लावलेल्या. एकीची पोळी गोल नाही म्हणून, दुसरीची गोल आहे पण जाड आहे म्हणून. तिसरी मळलेली कणीक तशीच टाकून स्वतःच गेली.

शेवटी शेजारची चित्रा जाईबाईला घेऊन आली. पन्नाशीची, कमी बोलणारी, एकाच घरी सहा वर्षं टिकलेली बाई.

"सोमवारपासून येते," जाईबाई म्हणाली.

"थांबा. आधार कार्ड?"

तिनं पिशवीतून काढून दिलं. धोंडिबानं ते उजेडाला धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. "फोटोत वेगळ्या दिसता."

"फोटोत सगळेच वेगळे दिसतात, बाबा. तुमचं दाखवा."

"माझं कशाला?"

"तुमच्या घरात मी येणार ना?"

धोंडिबानं ते कानाआड केलं. "आता काम कुठे करता? पत्ता सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी रामनगरात त्या घरी हजर. मालकीणबाईनं चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "जाईबाई? छे हो, नका ठेवू. मिठाचा हात जड. आठवड्याला दोन खाडे. भांडी आपटते ती वेगळीच." आतून आमटीच्या फोडणीचा असा वास येत होता की धोंडिबानं चहा मध्येच थांबवला. पण वासावर जाईल तो शिकलेला माणूस कसला! खाली उतरून त्यानं चित्राला फोन लावला आणि बाई नको म्हणून कळवून टाकलं.

घरी येऊन खुर्चीत ऐसपैस बसला. "वाचवलं तुला. तिच्या मालकिणीनंच सांगितलं, बाई एकदम बेकार."

"अहो, एवढी बेकार आहे तर त्यांनी सहा वर्षं ठेवलीय कशाला?"

धोंडिबानं पसरलेले पाय आखडून घेतले.

"बाई आपल्याकडे पळेल म्हणून नावं ठेवली तिनं! तुम्ही नको म्हणून कळवून बसला नाहीत ना?"

(मॅडमनी हे शिकवलं नव्हतं. शिकवलंही असेल, तेव्हा वड्याचा वास यायला लागलेला.)

रखमाबाईनं हॉस्पिटलात नेण्यासाठी भरलेली पिशवी उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात ठेवायला लागली. धोंडिबाला ते बघवेना. चपला सरकवल्या आणि चित्राकडून पत्ता घेऊन थेट जाईबाईचं घर गाठलं.

"चौकशी झाली," तो ऐटीत म्हणाला. "तुम्ही पास. या सोमवारपासून."

"बसा, बाबा. चौकशी मीपण केली."

"कुणाची?"

"तुमची. तुमच्याकडच्या जुन्या बायकांना विचारलं. पहिली म्हणाली, मागे उभे राहून पोळ्या मोजतात. दुसरी म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या मोजतात."

"आणि तिसरी?"

"तुमचं नाव काढलं तर उठून आत गेली. अजून बाहेर आली नाही म्हणतात."

धोंडिबानं घसा खाकरला. असं तोंडावर ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. सांगायचं काम त्याचं.

"आजींबद्दल सगळ्या चांगलं बोलल्या," जाईबाई म्हणाली. "त्यांच्या गुडघ्यासाठी येते. पण मी असेन तेवढा वेळ तुम्ही घरात नाही. कबूल?"

"कबूल," धोंडिबा म्हणाला, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "अशी दाबून अट घातली तिला!"

सोमवारी रखमाबाई ठाण्याच्या हॉस्पिटलात भरती झाली. सिस्टर फॉर्म भरत होती.

"आजी, घरी गेल्यावर धोका होईल असं काही? ओली फरशी, उंबरा, पायात येणारं मांजर?"

"तसलं काही नाही."

"मग घरी सांभाळायला कोण?"

रखमाबाईनं नुसतं बोट दाखवलं. धोंडिबा तेव्हा वॉर्डबॉयला कोपऱ्यात धरून दरडावत होता, "या खाटेवर आधी कोण होतं? पेशंट चालत गेला की कसा गेला? त्याच्या घरचा पत्ता आण!"

सिस्टर बघत राहिली. मग पेन थांबवून म्हणाली, "आजी, तिसऱ्या दिवशी घरी सोडतो आम्ही. तुम्हाला पाच दिवस ठेवूया?"

"पाचच?" रखमाबाई म्हणाली.