विश्वास दुरुस्ती शिबीर, मुक्काम खाजणवाडी

राजकीय पक्षाने वचन मोडलं तर पक्षाचं काहीच मोडत नाही. मोडतो तो मतदाराचा विश्वास. आणि ज्याची वस्तू मोडली त्यानेच ती दुरुस्त करून घ्यायची, ही जगरहाटी आहे. सायकल पंक्चर झाली म्हणून कुणी खिळ्याला दुकानात नेत नाही. अखंड किनारा पक्षाने हे वेळीच ओळखलं आणि रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या खाजणवाडीत मतदारांसाठी विश्वास दुरुस्ती शिबीर भरवलं. एवढी काळजी वाहणारा पक्ष आम्हाला लाभला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

वचन जेटीचं होतं. आमच्याकडे ओहोटीला होड्या लांबच थांबतात आणि मध्ये गुडघाभर चिखल उरतो. आमच्या वाडीतली मालन रोज डोक्यावर म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन तो तुडवते. गेल्या वर्षी ती त्यात घसरली आणि उजवा हात मोडला. हात जुळून आला, पण पाटी उचलताना अजून दगा देतो. आणखी एक हंगाम चिखलात काढणं तिला झेपणारं नाही, आणि पाटी सोडली तर घर कशावर चालवायचं हेही तिला ठाऊक नाही. म्हणून ती शिबिराला सगळ्यात आधी येऊन बसली होती.

पक्षाचे तालुका विश्वास प्रमुख गौरव सुर्वे यांनी प्रास्ताविक केलं. जेटीचं वचन मोडलेलं नसून विश्रांती घेत आहे, असा खुलासा त्यांनी केला. पाहणीनुसार खाजणवाडीचा विश्वास शेकडा अकरावर घसरला होता. (त्यात बूथप्रमुखाचं अख्खं कुटुंब धरलं होतं, सासू वगळून.)

पहिला उपक्रम होता डोळे मिटून मागे पडण्याचा. मतदाराने निर्धास्त पडायचं आणि कार्यकर्त्यांनी झेलायचं. मान वाडीतल्या यमुनाबाईंना मिळाला. त्या पडल्या तेव्हा कार्यकर्ते फोटोसाठी उजेडाची बाजू शोधत होते. मंडप किनाऱ्यावर होता, वाळू मऊ होती म्हणून निभावलं. ‘मतदाराची मातीशी नाळ घट्ट झाली’, असं अहवालात आलं.

मग गाऱ्हाणं झालं. बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे गावचा जाणता माणूस देवापुढे हेल काढून मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमाव ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतो. हे तोंडातून आपोआप निघतं, त्यासाठी डोक्याला तसदी द्यावी लागत नाही. मागच्या रांगेत डुलक्या घेणारे म्हातारेसुद्धा जागे न होता सामील होतात.

“बा देवा म्हाराजा, दर्यात गेलेल्या लेकरांना सुखरूप घरला आन रे म्हाराजा!” दादूने सुरुवात केली. दादू आमचा गाऱ्हाण्याचा माणूस.

“व्हय म्हाराजा!”

“गावाची इडापिडा येशीभायेर काढ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे दादूला ठसका लागला. गौरवभाऊ मूळचे राजापूरकडचे. हेल त्यांच्या रक्तात. त्यांनी माईक हातात घेतला.

“जेटी झाली नाय म्हनून या लेकरांनी मनात काय ठेवलेला नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“फुडल्या खेपेला मत आमालाच देनार रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि जेटीचा नाव परत काढनार नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यातला सर्वांत खणखणीत आवाज मालनचा होता. तो ऐकून तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पण तोवर मोबाइलवर चित्रण झालं होतं. विश्वास शेकडा शंभर झाल्याचं जाहीर झालं, फटाके लागले, बूथप्रमुखाच्या सासूने डोळे पुसले. (धुराने.) एवढ्यात मालन उठली, तरातरा पुढे गेली आणि माईक ओढून घेतला.

“नारळी पुनवेच्या आत हा पक्ष जेटी बांदून देनार रे म्हाराजा!”

कार्यकर्तेही शेवटी कोकणातलेच. “व्हय म्हाराजा!” मंडप दणाणला.

“नाय दिली तर गौरवभाऊ सोता पाटी घेऊन चिखलातना चालनार रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गौरवभाऊ म्हणाले, आणि मग इकडेतिकडे बघू लागले.

काय तो आनंद! लोक शिट्ट्या वाजवू लागले, दादूचा ठसका हसण्यात मिसळला आणि यमुनाबाई पुन्हा एकदा मागे पडल्या, या वेळी स्वखुशीने. मलाही वाटलं, झाली बुवा जेटी.

पक्ष मात्र घाईने निर्णय घेत नाही. समिती नेमली गेली. तिने असा निवाडा दिला की मतदारांचं ‘व्हय म्हाराजा’ ही विचारपूर्वक दिलेली संमती आहे, तर कार्यकर्त्यांचं ‘व्हय म्हाराजा’ ही धार्मिक परंपरा आहे. धार्मिक परंपरेचा राजकीय लाभ उठवल्याबद्दल मालनला समज देण्यात आली. शिवाय जेटीचा हेतू विश्वास वाढवणं हा होता आणि विश्वास आता शंभर टक्के आहे, सबब जेटीची गरज उरलेली नाही.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या, भरून आल्या. मालन आता डाव्या हाताने पाटी सावरत चिखलातून येते. दर चार पावलांवर थांबते. मला ते बघवत नाही, म्हणून मी घरात बसून हे लिहिलं.

लिहिलेलं शहरातल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींना वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली, ‘अगदी खरं आहे हो’ म्हणाली आणि जेवायला उठली. समितीच्या कानावर ते गेलं. ‘अगदी खरं आहे हो’ हेही संमतीतच धरावं, असं तिने तातडीने कळवलंय. वाचता वाचता तुमचीही मान दोन-तीनदा हलली असेल. ती त्या शंभरात धरली आहे.