वाघमारेंचा गुरुवार

वाघमारे भांडायला लागले की आमच्या ऑफिसात कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. बघून उपयोग नसतो, कारण त्यांच्यासमोर कुणी नसतंच. नवीन आलेला माणूस मात्र हबकतो. साठीला टेकलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक सभ्य गृहस्थ कम्प्युटरच्या पडद्यावर बोट रोखून, ‘अरे सौम्या, बाळा, कुणी शिकवलं रे तुला हे? जेवला होतास का हे लिहिताना?’ असं खड्या आवाजात विचारतोय, हे दृश्य पहिल्या दिवशी पचत नाही. मग आम्ही त्याला समजावतो की सौम्या भुवनेश्वरला असतो, किंवा असायचा, आणि त्याला यातलं काही ऐकू जात नाही.

आमची कंपनी चाकणला आहे, गाड्यांचे सायलेन्सर बनवते. मी टाइम ऑफिसात, म्हणजे कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाची शिफ्ट कुठली, हे बघणारा. वाघमारे आयटीचे, पण बसतात माझ्या शेजारी. हजेरी, कॅन्टीन आणि कंपनीच्या बसेस यांचा प्रोग्राम पूर्वी त्यांनी एकट्याने लिहिला होता आणि तो बिनबोभाट चालत होता. त्याच्यात काही दोष नव्हता. पण एका मीटिंगमध्ये साहेबलोकांना तो फार जुना वाटायला लागला आणि नव्याचं काम भुवनेश्वरच्या एका कंपनीला गेलं. आउटसोर्सिंग या शब्दाचा मला कळलेला अर्थ असा, की आपण आपली डोकेदुखी बाहेर द्यायची, ती तिकडे वाढवून घ्यायची आणि मग ती उतरवायला आपल्याच वाघमारेंना बसवायचं.

तिथली पोरं दर दोन-चार महिन्यांनी बदलायची. सौम्या गेला की अभिलाष, अभिलाष गेला की आणखी कुणी. जाणारा येणाऱ्याला काही सांगत नसे, आणि येणारा आधीच्याला न दुखवता त्याच्या चुकीशेजारी आपली एक चूक मांडून ठेवत असे. आता आमच्या तिसऱ्या शिफ्टचंच बघा. माणूस रात्री अकराला येतो आणि सकाळी सातला जातो. प्रोग्रामच्या मते तो येण्याआधीच निघून गेला. हिशेब आला उणे सोळा तास. यावर अभिलाषने उपाय काय करावा? त्याने उण्याची खूण पुसून टाकली. त्या महिन्यात अख्खी तिसरी शिफ्ट रोज सोळा-सोळा तास राबताना दिसली आणि आमच्या एचआरने एका वॉचमनला फुलांचा गुच्छ देऊन फोटो काढला.

‘पाटील, हे बघा,’ वाघमारे मला पडद्याजवळ ओढत. ‘इथपर्यंत पोरगं नीट लिहितंय. इथून पुढे त्याला भूक लागलीय. आणि ही सौम्याची करामत बघा, एकच गोष्ट तीनदा लिहिलीय. हा दहीभात खाऊन बसलाय, राव.’

हा त्यांचा सिद्धांत आहे. वाईट कोड लिहिणारा माणूस मुळात वाईट नसतो, तो एकतर उपाशी असतो किंवा जास्त जेवलेला. त्यामुळे प्रत्येक चुकीपाशी ते आपला शेरा लिहून ठेवतात. कोडमध्ये अशा ओळी लिहायची सोय असते, मशीन त्या वाचत नाही, माणसांनीच वाचायच्या. पोरं तिथे ‘टेंपररी’ एवढंच लिहून पळतात. वाघमारे मात्र खाली सविस्तर लिहिणार: ‘बाळा, तू गेलास, तुझं टेंपररी इथेच आहे. हे लिहिताना जेवला होतास का?’

त्या शेऱ्यांना उत्तर द्यायची रीत नाही. एकीने दिलं. तिचं नाव मोनालिसा, आणि बाकीच्यांसारखी ती पळाली नाही, टिकली.

आता मोनालिसाने काय केलं ते सांगतो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पिंपरीत जन्मलेल्या पोरालाही हे माहीत असतं. वाघमारेंचे वडील पिंपरीतल्या कारखान्यात होते. त्यांच्या घरी मटण गुरुवारी शिजायचं, लग्नकार्याची बोलणी गुरुवारी व्हायची आणि रविवारी वडील डबा घेऊन कामावर जायचे. भुवनेश्वरला हे कसं कळणार? त्यांच्या प्रोग्राममध्ये सुट्टी रविवारची. दर गुरुवारी आमची सगळी माणसं गैरहजर लागायची. तक्रार गेली, ती मोनालिसाकडे आली, आणि तिने सुट्टीचा वार बदलण्याऐवजी मशीनला सांगितलं की गुरुवार हाच रविवार.

हजेरीचा प्रश्न सुटला. पण गुरुवार रविवार झाला म्हटल्यावर शुक्रवार सोमवार झाला, आणि सगळा आठवडा तीन दिवस पुढे सरकला. कॅन्टीनला बुधवारची अंडाकरी रविवारी मिळायला लागली. बाकीच्या सगळ्या गोष्टी याच कॅलेंडरला बांधलेल्या, त्यामुळे एक गाठ सोडवायला जावं तर बसेस बंद पडत. शेवटी वाघमारेंनी ते कॅलेंडर डोक्यात बसवून घेतलं. कुणी विचारलं, ‘वाघमारे, आज वार कोणता?’ की ते चष्मा वर करून विचारत, ‘कुणाचा?’ शनिवारी ते मंगळवारच्या गप्पा मारत आणि त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे.

मोनालिसावर त्यांचा विशेष राग. ‘मोनालिसा म्हणे! नुसती गालात हसत बसली असेल. एकदा समोर येऊ दे, पाटील. आठवड्याचे वार म्हणून दाखव म्हणावं.’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मलाही त्या मुलीचा राग यायला लागला होता. वाघमारेंनी तिच्या त्या ओळीखाली नेहमीचा शेरा लिहिला. आठवड्याभराने खाली इंग्रजीत उत्तर उमटलं. त्याचा मराठी अर्थ असा: ‘सर, त्या दिवशी खरंच जेवले नव्हते. तुम्ही जेवलात का?’

वाघमारेंनी ते मला दाखवलं आणि ‘आगाऊ आहे’ म्हणाले. पण त्यानंतर मोनालिसाच्या चुका दुरुस्त करायला ते सकाळी सगळ्यांच्या आधी यायला लागले. तिचं नवं उत्तर आलंय का ते आधी बघत, मग भांडत.

वाघमारेंची आणखी एक सवय ऑफिसात चेष्टेचा विषय होती. ते तीन पुडांचा स्टीलचा डबा रोज आणतात, रिकामा. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवतात आणि संध्याकाळी निघताना कॅन्टीनच्या येळवंडे मामांकडून डबा भरून घेतात. ‘काय वाघमारे, रात्रीचीही हजेरी लावता वाटतं?’ असं कुणीतरी म्हणायचं, सगळे हसायचे, वाघमारेही हसायचे.

दिवाळीला ते रिटायर होणार होते. त्यांना एक्स्टेन्शन हवं होतं, आणि ते देणं न देणं आमच्या मोठ्या साहेबांच्या हातात होतं. त्यासाठी वाघमारे किती धडपडत होते ते मी बघत होतो. साहेबांच्या घरचा प्रिंटरसुद्धा त्यांनी जाऊन नीट करून दिला. माणसाला साठीनंतर चाकणच्या ट्रॅफिकमधून रोज जायची यायची एवढी हौस का असावी, हे मला कळत नव्हतं.

आणि अशात तो गुरुवार आला. मोठी ऑर्डर होती म्हणून कंपनीने गुरुवारी काम ठेवलं आणि सुट्टी रविवारी दिली. हा बदल मी प्रोग्राममध्ये भरला. प्रोग्रामने हिरव्या अक्षरांत ‘सेव्ह झालं’ असं सांगितलं आणि विसरून गेला. गुरुवारी सकाळी गेटवरचं मशीन प्रत्येकाला लाल अक्षरांत ‘आज रविवार’ म्हणून परत पाठवायला लागलं. कसेबसे लोक आत घेतले, तर दुपारी कॅन्टीनमध्ये चूल थंड.

‘कम्प्युटरनं जेवान सांगितलंच न्हाई,’ येळवंडे मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, ‘तर आमी कुनासाठी शिजवायचं? मागल्या टायमाला मी आपलं आपन शिजवलं तवा मलाच मेमो दिला व्हता.’

पहिली शिफ्ट उपाशी राहिली. युनियनने ताटं वाजवली. मोठे साहेब लाल झाले आणि त्यांनी लगेच भुवनेश्वरला व्हिडिओ कॉल लावला. तिथला मॅनेजर टायमध्ये हजर होता. त्याने दहा वेळा सॉरी म्हटलं आणि, ‘सर, जिने हे केलं ती इथेच आहे, आजच तिला काढतो,’ असं म्हणून एका मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. हडकुळी, मोठा चष्मा, मान खाली. हीच मोनालिसा. हसणं सोडाच, तिचे ओठ थरथरत होते.

‘आमचे वाघमारे सांगतील काय चुकलंय ते,’ साहेब म्हणाले. ‘बोला, वाघमारे. सोडू नका.’

वाघमारे उठून उभे राहिले. मी त्यांच्यासमोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. एवढे दिवस जी तोफ माझ्या कानाशी धडधडत होती, ती आता सुटणार अशी माझी खात्री होती. ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बेटा, खाना खाया?’

पोरीने डोळे वर केले. तिने बहुतेक आवाज ओळखला नसेल, प्रश्न ओळखला.

‘नो सर,’ ती म्हणाली.

वाघमारेंनी साहेबांकडे तोंड वळवलं. ‘साहेब, तिची चूक नाही. गुरुवारचा रविवार कर असं मीच तिला सांगितलं होतं. फोनवर. सुट्ट्यांची अदलाबदल होते हे सांगायचं मी विसरलो.’

धडधडीत खोटं. एक स्वल्पविराम चुकला तर दिवसभर न जेवणारा माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलत होता, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तिकडे मोनालिसाला माहीत होतं. ती काहीतरी बोलायला गेली, तर वाघमारेंनी हाताने तिला गप्प बस अशी खूण केली.

साहेबांनी कॉल बंद केला. मुलीची नोकरी वाचली. मग त्यांनी वाघमारेंना आमच्या देखत जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो. ‘एक्स्टेन्शनचं मी बघणार होतो. आता दिवाळीला घरी बसा.’

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मी संतापलो होतो. ‘वाघमारे, डोकं फिरलंय का तुमचं? त्या पोरीला जाब विचारायचा म्हणून दोन वर्षं माझे कान खाल्लेत तुम्ही!’

‘खाल्ले,’ ते म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. ‘पाटील, बायको गेल्यापासून घरात मी एकटाच आहे, राव. मुलगा जर्मनीत. रविवारी फोन करतो, खऱ्या रविवारी. चांगला पोरगा आहे. गोळ्या घेतल्या का विचारतो, वीजबिल भरलं का विचारतो. जेवलात का, असं ही मोनालिसा एकटी विचारते. ते पण त्या घाणेरड्या कोडमध्ये. मला रोज इथे यायचं होतं ते कशासाठी? तिला काढल्यावर एक्स्टेन्शन घेऊन मी करू काय?’

मी त्यांच्या मागोमाग चालत राहिलो. 

ते टेबलापाशी गेले, कम्प्युटर बंद केला. ‘आठवडा तिलाच सरळ करू दे,’ म्हणाले. ‘दिवाळीपर्यंत शिकवतो तिला.’ मग खणातला डबा काढला आणि कॅन्टीनकडे निघाले. येळवंडे मामांनी संध्याकाळसाठी घाईघाईने पिठलं-भात टाकला होता. त्यांनी दोन पुडं भरली. तिसरं नेहमीप्रमाणे रिकामंच बंद करायला लागले, तेव्हा मी म्हणालो, ‘मामा, तेही भरा.’

वाघमारेंनी माझ्याकडे बघितलं. आमची बस एकच. ते पिंपळे गुरवला उतरतात, मी पुढे पुनावळेला.

‘आज मी तुमच्याबरोबर उतरतोय,’ मी म्हणालो. ‘जेवूनच घरी जाईन.’

‘आज?’ ते गोंधळले. ‘अहो, आज मधल्याच वारी? घरी तुमची वाट बघत असतील. आज वार कोणता?’

‘कुणाचा?’ मी म्हणालो, आणि डबा त्यांच्या हातातून घेतला.