पाद्रीबुवांशी बोलायचं नाही

बँकेने कर्जासाठी मागितलेला प्रत्येक कागद डेरेक टिलॉटसनने दिला होता. पगाराच्या चिठ्ठ्या दिल्या, कुत्र्याच्या डॉक्टरवर एवढा खर्च का होतो याचा खुलासा दिला, आणि कुत्रा मेल्यावर तो खर्च का थांबला याचाही दिला. नेदर पॉल्टन गावातलं ते दगडी घर आता मिळणार, एवढ्यात वकीलबाईंचा फोन आला.

"एक बारीकशी भानगड आहे," मिसेस ओगिल्वी म्हणाल्या. "तुमचं ते घर ज्या जमिनीवर आहे तिच्या मालकाने, म्हणजे आता तुम्ही, चर्चचं छप्पर दुरुस्त करून द्यायचं, असा जुना कायदा आहे."

"अख्खं छप्पर?"

"वेदीवरचं तेवढं. घाबरू नका, त्याचा विमा निघतो, बँकेला तो चालतो. फक्त चर्चमध्ये कुणाकडे विषय काढू नका. त्यांना हा हक्क बहुधा ठाऊकही नाही. तुम्ही आठवण करून दिलीत की विमा गेला, आणि विम्याबरोबर कर्ज."

"मी कशाला मरायला सांगतोय!"

शनिवारी तो आणि त्याची बायको जून, दोघं पडद्यांची मापं घ्यायला त्या घरी गेले. जून खिडक्यांशी झटत होती. डेरेक पाय मोकळे करायला बाहेर पडला, पाऊस आला, आणि दिसेल त्या आडोशाला तो शिरला. तो आडोसा म्हणजे चर्च. आत पाद्रीबुवा बेझली वेदीपुढची बादली रिकामी करत होते.

"या, या! चहा घेणार?"

डेरेकने चहा घेतला. हवापाण्यावर बोलला. बादलीत थेंब पडला की तो आवाज चढवी.

"गळतंय बघा," पाद्रीबुवा म्हणाले. "पैसे मागायचे तरी कुणाकडे?"

"माझ्याकडे नका मागू!" डेरेक ओरडला.

"तुमच्याकडे कशाला मागेन?"

डेरेकला खोटं बोलता येत नसे, त्यातून पाद्र्यासमोर. दुसरा कप संपेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं.

"अरे वा!" पाद्रीबुवांचा चेहरा उजळला.

परतताना गाडीत त्याने जूनलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सबंध गावात तुला तोच आडोसा सापडला?"

"पाऊस होता गं."

"मग भिजायचं!"

विमावाल्यांनी हात वर केले. बँकेने कर्ज थांबवलं. वकीलबाईंनी फोनवर नुसता सुस्कारा टाकला आणि त्याचंही बिल लावलं. घर विकणारे दुसरं गिऱ्हाईक बघू लागले. डेरेक कामावरून येऊन कोट न काढताच खुर्चीत बसून राही. घर नको नि गाव नको, असं त्याला झालं होतं.

मग एके दिवशी पाद्रीबुवांचाच फोन आला. "टिलॉटसन, तुमचं अगदी खरं निघालं! मी चर्चच्या वरच्या कचेरीत विचारून घेतलं. काल आमच्या चर्च समितीची बैठकही झाली."

"किती द्यायचे?" डेरेकने डोळे मिटले.

"छे हो! त्याच जमिनीवर आणखीही घरं आहेत, छपराचा खर्च त्यांच्यावरही पडला असता. एक आमच्या अध्यक्ष मिसेस रॅग यांचं. आधी त्या गरजत होत्या, कायदा म्हणजे कायदा. स्वतःचं घर त्यात आहे कळलं, तशी हा हक्क कायमचा सोडावा असा ठराव त्यांनीच मांडला. लेखी पाठवतो."

बँकेचं समाधान झालं. टिलॉटसन मंडळी राहायला आली. खोकी अजून फुटली नव्हती, तोच मिसेस रॅग केक घेऊन दारात हजर. डेरेकने एक मोठा तुकडा तोंडात टाकला.

"छप्पर निधीचे खजिनदार म्हणून तुमची एकमताने निवड झालीय," बाई म्हणाल्या. "त्या छपराचा एवढा अभ्यास गावात दुसऱ्या कुणाचा नाही."

डेरेकने जूनकडे पाहिलं. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.