शेषेरावांनी सभागृही रुमाल टाकिला त्याची हकीकत

श्री गोदामाई प्रसन्न. हकीकत ऐसीजे, नांदेड शहरी म्हातारे बहुत जाहले आणि घरे अपुरी पडली. मग शहराने खर्च करून वृद्धांस खोल्या बांधाव्या की न बांधाव्या, हा पेच नगरसभेपुढे कित्येक उन्हाळे लोंबकळत राहिला. त्या समयी राजश्री शेषेराव निलंगेकर, उमर सत्तरीपार, पागोटे ढिले, जबान करडी, यांणी जी मर्दुमकी केली ती जैसी जाहली तैसी लिहितो. यात खोटे निघाल्यास आमचा चहा जन्मभर पाणचट होवो.

शेषेरावांस पुत्र दोन. थोरले बालाजीराव नांदेडी, धाकटे शिवमराव लातुरी; दोघे गुणी, पण घरे तंग. शेत वाटले तेव्हा भांडीकुंडी वाटली आणि ओघाओघात मायबापही वाटले. बाप नांदेडास आला आणि मातुश्री उमाबाईसाहेब लातुरास रवाना जाहल्या. उभा जन्म एकमेकांशी भांडण्यात सुखाने गेलेला, आता भांडावे कोणाशी? फोनवर भांडण रंगात आले की रेंज जाई. शेषेरावांस अन्न गोड लागेना. जोडीच्या खोल्या मंजूर जाहल्या तर दोघे एका छताखाली, नाहीतर दिवाळी ते दिवाळी भेट, ऐसा मामला होता.

गनीमही जबरदस्त. नगरसेवक विरूपाक्षराव यांणी चौकात टोलेजंग कमान उभारण्याचा मनसुबा केला होता, आणि खजिन्यात ऐवज एकाच कामापुरता. त्यांणी फर्मावले की म्हाताऱ्यांस बसावयास पार आहेत आणि राहावयास लेकरे आहेत, सबब खोल्या कशास? हे ऐकोन शेषेरावांचे मस्तक फिरले आणि त्यांणी जिवलग दोस्त नासिरमियां टेलर यांजशी मसलत केली की सभेस जातीने हजर राहावे. प्रेक्षकांची जागा वरल्या माडीवर, आणि या गुडघ्यांनी तो जिना चढणे म्हणजे दौलताबाद चढणे. परंतु शेषेरावांनी निलंग्याच्या यष्टीत उमर काढिलेली. खिडकीतून रुमाल टाकिला की जागा आपली, हा कायदा नगरसभेसही लागू आहे, ऐसा त्यांचा भाबडा समज होता.

सभेच्या दिवशी झाडलोट चालली असता म्हाताऱ्यांची फौज सभागृहाच्या खिडक्यांखाली दाखल जाहली. शेषेरावांनी हुकूम सोडिला आणि काय वर्णावे महाराजा! रुमाल उडाले, उपरणी उडाली, टोप्या उडाल्या, आणि नासिरमियांनी तर गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला पायजमा भिरकाविला, तो नेमका पहिल्या ओळीत पडला. मग फौज दरवाजाने आत शिरोन आपापले कापड ओळखोन खुर्च्या काबीज करती जाहली. नगरसेवक आले तो बसावयास तसूभर जागा नाही. विरूपाक्षराव गरजले की हटवा यांस. परंतु महापौर सिंधुताईसाहेब, माहेर नायगाव, कॉलेजास यष्टीने गेलेल्या. त्यांणी निवाडा दिला की रुमाल टाकिल्या जागेवरून माणूस उठवणे ही आपल्या मुलखाची रीत नव्हे, सभा उभ्याने चालेल. आणि त्या खुद्द उभ्या राहिल्या.

मग कमानीवर भाषण सुरू जाहले. विरूपाक्षराव जेवणाच्या सुटीपावेतो बोलणारे, पण साठी त्यांचीही उलटलेली. कमानीच्या पायापाशी आले तो यांचेच पाय लटपटू लागले. आधी भिंत धरिली, मग खांब धरिला, मग बोलणे सोडून गुडघा धरिला. शेषेरावांस कीव आली. ते उठले आणि रुमालाने खुर्ची झटकोन म्हणाले, “बसा साहेब. म्हातारपण लई वंगाळ हाय. खुर्ची तुमी घ्या, खोली आमाला द्या.”

विरूपाक्षराव बसले. बसताच ऐसे सुख जाहले की डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांणी खोल्यांच्या बाजूने हात वर केला. तो पाहोन बाकीचेही हात वर गेले, कारण पाय सर्वांचेच दुखत होते. कमानीचा ऐवज घरांकडे वळविला आणि तळमजल्यावर जोडीच्या खोल्या मंजूर जाहल्या.

पुढे खोल्यांच्या जागेवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा पडल्या. भिंती अद्याप हवेतच. उमाबाईसाहेबांची स्वारी यष्टीने लातुराहून आली तो शेषेराव एका चौकोनात रुमाल अंथरोन ऐन मध्यभागी बसलेले. बाईंनी चौफेर नजर टाकोन चूल कोणीकडे म्हणोन विचारिले आणि ती चुकीच्या बाजूस आहे ऐसे जाहीर केले. शेषेरावांनी हरकत घेतली. भांडण झकास रंगले, आणि रेंज कोठेच गेली नाही. अखेर बाई कमरेवर हात ठेवोन म्हणाल्या, “सरका तिकडं. सगळी जागा एकट्यानंच धरलाव व्हय?”

शेषेराव सरकले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि एका रुमालावर दोन माणसांचा अंमल कायम जाहला.