शेवटी जेवणाऱ्याचं नाव

भिंगाखाली वस्तू जितक्या पटीनं मोठी दिसते, तितक्या पटीनं भिंग घेणाऱ्याच्या घरातलं एक माणूस लहान होतं. आमच्या पेठेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात डोळे विस्फारण्यासारखं काही नाही.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दत्ताराम खटावकराला नवं भिंग हवंच होतं. हल्ली फोनमधले भाग खसखशीएवढे. कथिलाचा थेंब जरा इकडेतिकडे झाला की फोन मेलाच म्हणायचा. दुकानदार कोष्ट्यांनी तीन प्रकार मांडले. डोक्याला बांधायचं भिंग दुप्पट, दिव्याचं पाचपट, मायक्रोस्कोप चाळीसपट.

"दुपटीचं न्या," कोष्टी म्हणाले. "हात बसला की तेवढं पुरतं. माणूसही कमरेएवढं तरी राहतं."

"घ्यायचं तर मोठंच," दत्ताराम म्हणाला. मायक्रोस्कोपच्या फॉर्मात प्रश्न एकच होता: घरात शेवटी कोण जेवतं? त्यानं पेन न थांबवता बायकोचं नाव लिहिलं.

घरी आला तर शालन ओट्यावर उभी, बोटाच्या दोन पेरांएवढी.

"मला विचारलंत तरी का?"

"फॉर्मात तसा प्रश्नच नव्हता गं!"

पण त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तसाच उलट्या पावली तो दुकानात गेला.

"नाव बदलता येतं," कोष्टी म्हणाले. "एकदा त्यांना आधी जेवू द्या. त्यांचं ताट संपलं की तुम्ही बसा. त्या होत्या तशा होतील, लहान तुम्ही व्हाल."

"होईन. एवढंच ना?"

"एवढंच. अजून कुणी बदलून नेलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तारामनं खानावळीतून डबा आणून जन्मात पहिल्यांदा ताट वाढलं. अंदाज कुठला असायला? स्वतःला लागते तशी अख्खी भाकरी आणि वाटीभर आमटी. ताटातलं टाकायचं नाही, ही शालनच्या माहेरची शिस्त. ती भाकरीच्या काठापासून खायला लागली.

तीन वाजले, तरी ती काठाशीच होती. "सावकाश होऊ दे," तो म्हणाला. चारला त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"घ्या जेवून तुम्ही," शालन म्हणाली. "जन्मात एकदा वाढलंत, तेही संपणार नाही असं."

"तू म्हणतेस म्हणून हं," असं म्हणत त्यानं पाट ओढला. पहिला घास तोंडात घातला आणि कपाळाला आठी घातली.

"भाकरी पार निवली गं," तो म्हणाला.